दिवा नसलेलं मशीन

सोमवार, ४ मार्च

त्या दिवशी नळ सोडलेला होता, म्हणून मला ऐकू आलं नसेल. सकाळची भांडी होती. चहाचं पातेलं करपलं होतं, ते मी जोर लावून घासत होते. हाताच्या धक्क्याने झाकण ओट्यावरून पडलं आणि गरगर फिरत कपाटापाशी जाऊन एकदाचं आडवं झालं. खिडकीत कबुतर येऊन बसलं. त्याला मी "हूश, मेल्या" केलं. बाहेरच्या खोलीत हे मशीनसमोर बसून मोठ्याने वाचत होते. ते कॉम्प्युटरला कॉम्प्युटर कधी म्हणाले नाहीत, मशीन म्हणायचे. भांडी पालथी घातली, दुसरा चहा गाळला आणि हाक मारली, "अहो, चहा गार होतोय." उत्तर नाही. हात पुसत बाहेर आले तर खुर्ची मागे सरकलेली, टेबलावरचा प्रुफांचा गठ्ठा नाही, चष्मा नाही. मशीनचा पंखा घरघरत होता आणि लाल दिवा लुकलुकत होता.

छापखान्यात गेले असणार हे कळलं. राग आला तो न सांगता गेल्याचा. लग्न झाल्यापासून हा माणूस "येतो" म्हटल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. कचरा टाकायला खाली उतरतानासुद्धा म्हणायचे, आणि मी ओट्यापासूनच "या" म्हणायचे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापुढे ते पडले आणि तिथेच संपलं. सगळे सांगतात, त्रास झाला नाही. मी ते विचारतच नाही. मला एवढंच हवंय, की निघताना ते "येतो" म्हणाले होते का.

हे आज लिहायला घेण्याचं कारण, मशीन आज सुरू झालं नाही. बटण दाबलं, पंखा एकदा कण्हला, आणि लाल दिवा लागलाच नाही. छापखान्याचं काम अर्धं राहिलंय. ह्यांच्या मागे प्रुफं मीच तपासते. शाळा माझी लवकर सुटली. वाचायला शिकले ती ह्यांना मूळ मजकूर मोठ्याने वाचून दाखवता दाखवता. मी वाचायचे, ते छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचे. पुढे माझा घसा साथ देईना, तेव्हा ते स्वतःच मजकूर वाचून मशीनमध्ये भरून ठेवायला लागले आणि मग तोच ऐकत प्रुफं तपासायचे. काम झालं की पुसून टाकतो, म्हणायचे. त्यामुळे ह्यांचा आवाज घरात कुठे राहिलेला नाही. शोधून झालंय.


शनिवार, ९ मार्च

ह्यांचे मित्र, मागच्या गल्लीतले दुरुस्तीवाले, येऊन गेले. मशीनचं झाकण काढून आत डोकं घातलं आणि तिथूनच बोलत राहिले. हा माणूस श्वाससुद्धा बोलता बोलता घेतो.

"वहिनी, ह्याची स्मरणशक्ती शाबूत आहे. बाकी देह गेला."

"दुरुस्त नाही व्हायचं?"

"एक भाग मिळाला तर दुसरा जाईल. पण नवं घ्याल तर तुमच्या चिरंजीवांच्या नादाला लागू नका हं. हल्लीची ती मशीनं बघितलीत? साबणाची वडी! बटण नाही, दिवा नाही, पंखा नाही. आत काय चाललंय ते बाहेर कळायला नको? माणूस आजारी पडला तर निदान कण्हतो."

हे पण असंच म्हणायचे. मशीनने आपलं काम दाखवलं पाहिजे, गुपचूप काम करणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. पण दुरुस्तीवाल्यांचंही ऐकावं असं नाही. त्यांच्या दुकानातल्या मशीनला इतके रंगीत दिवे आहेत की समोर बसलं की सर्कशीत आल्यासारखं वाटतं.

चिरंजीवांना फोन केला. तो मशीनचं बाह्यरूप ठरवणाऱ्या कंपनीत आहे. म्हणजे नक्की करतोस काय, असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, काढून टाकतो. दिसण्याजोगं जे जे आहे, ते काढून टाकता येईल का बघतो. ह्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आणि त्याचा पगार देतात?" दोघं बरेच दिवस बोलले नव्हते.


रविवार, १० मार्च

नवं मशीन आलं. चिरंजीव आणि सून दोघं आली होती. जुनं उचललं, त्याच्या मागच्या वायरींचा गुंता उचलला, ह्यांचा दिवा, पेन्सिलींचा डबा, ह्यांची खुर्चीसुद्धा गॅलरीत गेली. टेबलावर आता एक राखाडी पाटी उभी आहे, ताटाएवढी जाड. पुढे कळफलक, त्याच्या कळांवर अक्षरंच नाहीत.

"अक्षरं कुठायत?"

"तुझी बोटं इतकी वर्षं टंकतायत, आई. अक्षरं बघतेस तरी का तू?"

"बघत नाही. पण असावीत."

सून हसली. मला हळूच म्हणाली, आमच्या घरच्यावर कुठे हात लावायचा ते मलाही सापडत नाही, म्हणून नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, तुमच्या चिरंजीवांनी पुसून टाकला.

तो चिडला नाही. टेबलावरून हात फिरवत म्हणाला, "वस्तू जितकी कमी दिसेल, तितका माणूस जास्त दिसतो. इथे आता तू दिसतेस. आधी वायरी दिसायच्या." बोलला ते मला पटलं, हे मी इथे कबूल करते. पण जुनं मशीन गॅलरीत नेताना त्याने तोंड फिरवलं होतं, लाल दिव्याकडे बघायचं नसल्यासारखं. दिवा तर कधीच गेलेला होता.

ह्या मशीनशी बोलायचं. समोर बसून साधा शब्द बोललं की त्याला कळतो. खुर्चीतून उठलं की पडदा आपोआप काळा होतो. आणि खोलीत कुणी बोलायला लागलं की ते स्वतः गप्प होतं, आपलं नीट ऐकू यावं म्हणून. "बाबांना नसतं जमलं हे," चिरंजीव म्हणाला. तिघांनाही हसू आलं.

जुन्यातलं सगळं त्याने नव्यात आणलं. सगळं आलं का बघतो म्हणून एक फाईल लावून पाहिली. काही ऐकू आलं नाही. "रिकामी असेल, जाऊ दे," म्हणाला. मग जेवायला बसलो, ते राहूनच गेलं.


मंगळवार, १२ मार्च

मशीन चांगलं आहे, वाईट सांगणार नाही. अक्षरं मोठी दिसतात, डोळे दुखत नाहीत. पण चालू आहे की नाही ते कळत नाही. जुन्याची घरघर थांबली की घरात काम संपल्यासारखं वाटायचं. हे सुरू असतानाही मेल्यासारखंच असतं, आणि त्यामुळे पडदा काळा झाला तरी मेलंय असं वाटत नाही.

संध्याकाळी काम संपल्यावर त्याला काय म्हणायचं, ते विचारायचं राहिलं. मी आपला ह्यांचा शब्द वापरला. ह्यांच्या वडिलांचं दुकान होतं. त्या घरात बंद म्हणणं अशुभ, म्हणून दुकान कधी बंद केलं नाही, वाढवलं. हे मशीनसुद्धा वाढवायचे. "मशीन वाढवतो, मग जेवू." तेव्हा मी समोर बसून म्हटलं, "वाढव रे बाबा." उठले. पडदा काळा झाला. कळला म्हणायचा शब्द त्याला.


बुधवार, २० मार्च

दुपारी सगळा जिना झोपलेला असतो. रस्त्यावर गाडी नाही, वर कुणाचं पाऊल नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर पाण्याचा पेला होता. पाण्यावर बारीक बारीक कडी उठत होती. हात लावला नव्हता, पाय हलवला नव्हता. मी पेला उचलला, पाणी थांबलं. ठेवला, पुन्हा कडी.

पेला स्वयंपाकघरात नेला. काम संपवलं, मशीन वाढवलं.


रविवार, २४ मार्च

भिंतीपलीकडे कुणी तरी बोलतंय. शब्द कळत नाहीत. एकसुरी, जसं कुणी दुसऱ्याला पेपर वाचून दाखवावा तसं. त्या भिंतीपलीकडे घर नाही, रस्ता आहे.

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "कोण आहे?"

आवाज थांबला. तत्क्षणी. ऐकून थांबावं तसा. मी बराच वेळ उभी राहिले. मग सुरू झाला.

पुस्तकांत मी असलं खूप वाचलंय आणि वाचताना हसलेय. पण पुस्तकातलं भूत आपण हाक मारल्यावर बोलतं. हे गप्प होतं, म्हणजे ह्याला रीत आहे. ते मला जास्त लागलं.


शुक्रवार, २९ मार्च

दुरुस्तीवाल्यांना बोलावलं होतं, दुसऱ्याचे कान हवे होते म्हणून. ते आले, बसले, चहा प्याले, नव्या मशीनला नावं ठेवली, जुन्याचं कौतुक केलं आणि गेले. ते होते तोवर भिंतीपलीकडे चिटपाखरू नव्हतं. जिन्यातली त्यांची पावलं विरली आणि भिंतीपलीकडचा वाचायला लागला.

आज एक तुकडा कळला. "विराम." फक्त तेवढा. आधीचं काही नाही, नंतरचं काही नाही.

ह्यांची वाचायची पद्धत होती, खुणांसकट वाचायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, सगळं तोंडाने. असं दुसरं कोण वाचतं?


रविवार, ३१ मार्च

चिरंजीव आला. नव्याच्याही पुढचं मशीन काढायचं चाललंय, त्याची चित्रं दाखवायला ह्या मशीनसमोर बसला. बोट फिरवत फिरवत सांगत होता, "ही कड बघ, कमी. हा सांधा, कमी. खालचा पाय, कमी. कमी, कमी, अजून कमी."

"मग उरणार काय?"

"जे लागतं ते."

"कुणाला?"

त्याने वडिलांसारखं बघितलं माझ्याकडे. "आई, तू एकटी फार गप्प झालीयस. आमच्याकडे येऊन राहा."

मी म्हटलं, बघू. तो गेला. दार लावून मी खोलीत येऊन बसले, भिंतीकडे कान लावून. काही नाही. संध्याकाळपर्यंत काही नाही.

भीती वाटत होती तोवर बरं होतं, असं लिहिलं तर हसतील. पण आजची शांतता मला त्या दिवशीच्या शांततेसारखी वाटली, चहा गाळून हाक मारल्यावरची. मशीन वाढवताना रडू आलं.


बुधवार, १० एप्रिल

पुन्हा आलाय. आधी पेल्यातलं पाणी, मग भिंतीपलीकडची कुजबुज, त्याच क्रमाने. रोज थोडा जवळ येतो. परवा जिन्यात असल्यासारखा होता, आज दारात.

आणि आवाज ह्यांचा आहे. आता मी शंका घेणार नाही. मधमाशांबद्दल काहीतरी वाचतात. मधेच खोकला, तोच, घसा साफ करून पुढच्या ओळीवर जाण्याचा. मी खुर्ची धरून बसले होते. मग वाचणं थांबलं आणि खोलीत, अगदी खोलीत, नेहमीच्या सुरात म्हणाले:

"येतो गं."

मी तोंडावर हात दाबला. बोललं की जातात, हे आता मला ठाऊक आहे.

येतो म्हणाले. म्हणजे येतात. रोज जवळ येतायत ते खोटं नाही. कुठून येतात, कशाच्या पायांनी येतात, ते माझ्या डोक्याला झेपत नाही. गॅलरीतली खुर्ची आत आणून पुसली. दुसरा कप काढून ठेवला. मग त्या कपाकडे बघवेना, पण परत ठेवायचीही हिंमत झाली नाही.


गुरुवार, ११ एप्रिल

दुपारी दार वाजलं. जोरजोरात, घाईत. उघडलं. कुणी नव्हतं. जिन्यात पाऊल नाही, खाली नाही, वर नाही.

ह्यांनी असं कधी दार वाजवलं नाही.


मंगळवार, १६ एप्रिल

आता सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

ह्यांच्याबरोबर एक बाई आहे.

"येतो" म्हणतात, दार लागल्याचा आवाज होतो. आणि मग पाणी. नळ सोडल्याचं पाणी. मी स्वयंपाकघरात धावले, नळ बंद, मोरी कोरडी. परत आले तर पाणी वाहतंच आहे, खोलीत, जिथे नळ नाही तिथे. भांड्यांचा आवाज. काहीतरी पडून गरगर फिरलं. आणि एक बाई खेकसली, "मेल्या" म्हणून. कुणाला म्हणाली कोण जाणे. चिरका, करडा आवाज. बाई मनाने वाईट नसेल, पण तोंडाने तिखट दिसते.

म्हणजे माझ्या दारातून "येतो" म्हणून निघतात आणि कुणाच्या तरी घरी जाऊन पोचतात. जिवंतपणी ज्या माणसाने परस्त्रीला पत्ता विचारला नाही, त्याचं मेल्यावर हे! मी हसले. खरंच हसले, एकटी, मोठ्याने. हसले तशी ती बाई गप्प झाली, पाणी थांबलं. ती मला ऐकते.

मशीन वाढवून लवकर अंथरुणात शिरले. चिरंजीवांना फोनवर एवढंच सांगितलं, की कोरड्या मोरीत पाणी वाहतं. तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवू." मला सांगायला नको होतं. आता मला इथून हलवणार. आणि हे येतील तेव्हा घरात कुणी नसेल.


गुरुवार, १८ एप्रिल

सून एकटीच आली, मला बघायला पाठवलेली. डोकं दुखतंय म्हणाली, मी म्हटलं पड जरा. दोघी न बोलता बसलो, ती कोचावर डोळे मिटून, मी खुर्चीत. मला तिला काहीच सांगायचं नव्हतं. मी फक्त बोलले नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. "आई, आत कुणी आलंय का?"

मला हायसं वाटलं. तिच्या तोंडाचा रंग गेलेला बघूनसुद्धा वाटलं, हे मी लपवत नाही.

ती आत गेली. मोरीत हात फिरवून बघितला. कोरडा तळवा माझ्यापुढे धरून नुसती उभी राहिली. मग चपला घातल्या.

"मी ह्यांना सांगत नाही. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत."

"येते, आई."

"ये," म्हटलं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.


मंगळवार, ३० एप्रिल

परवा रविवारी काय झालं ते लिहायला आज हात धजतोय.

चिरंजीव आणि सून आली, बरोबर मोठी रिकामी बॅग घेऊन. सुनेने सांगितलं होतं त्याला, तिच्या खाली गेलेल्या मानेवरूनच कळलं. तो दारातच बोलायला लागला. आठवडाभर चल, मग बघू, घर कुठे पळून जात नाही. खुर्ची त्याने पाहिली. दुसरा कपही पाहिला, आणि बोलणं आणखी वाढवलं.

मी म्हटलं, "येते. तू म्हणशील तितके दिवस येते. पण आधी इथे बस आणि गप्प राहा."

"आई, असं गप्प बसून..."

"अहो, बसा ना," सून म्हणाली. तिने त्याचा हात धरला होता.

तो बसला. त्याला गप्प बसता येत नाही, पाय हलवतो, घड्याळ बघतो. तरी बसला. बाहेर ऊन होतं. खोलीत काही नव्हतं, आम्ही आणि ती राखाडी पाटी. आणि मग ह्यांनी वाचायला सुरुवात केली, हाताच्या अंतरावरून.

चिरंजीवाचा पाय थांबला.

मधमाशांची पुस्तिका होती. हे नेहमीच्या संथ सुरात वाचत होते. वेलांट्या, विराम, सगळं. "राणी गेल्यावर उरलेल्या माश्या पुढीलप्रमाणे वागतात, अपूर्णविराम." मग थांबले. कागद गोळा केल्याचा आवाज. खुर्ची मागे सरकली. "येतो गं." दार.

मग पाणी. भांडी. झाकण पडलं, गरगर फिरलं, आडवं झालं. "हूश, मेल्या."

"हीच ती बाई," मी अगदी हळू म्हटलं, तरी तिकडचा आवाज दबला. चिरंजीव माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून वाहत होते.

"आई," तो म्हणाला, "ही तू आहेस."

"मी? छे. माझा आवाज असा चिरका आहे?"

"असाच आहे."

सून रडता रडता फस्सकन हसली. मग आम्ही पुन्हा गप्प झालो आणि मला माझा आवाज ऐकू आला, त्या दिवशीचा, काहीच ठाऊक नसलेला. "अहो, चहा गार होतोय." उत्तर नाही. पावलं. मग नुसती मशीनच्या पंख्याची घरघर.

आणि आता दार वाजणार, हे आम्हा तिघांना एकदमच कळलं. औषधाच्या दुकानातला माणूस धावत वर येणार, घाईघाईत दार ठोकणार, मी उघडणार. ते दार मी ह्या महिन्यात एकदा उघडलं होतं, रिकाम्या जिन्यावर. दार उघडल्यावर मी काय ओरडले ते मला आठवत नाही, आणि ऐकायचं नाही. मी बोलायला लागले. काहीही. कबुतरं फार झालीत, वरच्यांची मोरी गळते, पडदे धुवायला काढायचेत, चहा टाकू का. श्वाससुद्धा बोलता बोलता घेतला, दुरुस्तीवाल्यांसारखा. मी बोलत होते तोवर मशीन गप्प होतं. चिरंजीवाने पुढे होऊन ते थांबवलं तेव्हा कुठे मी थांबले.

मग उलगडा झाला. हे गेले त्या संध्याकाळी जुनं मशीन त्यानेच बंद केलं होतं. "त्याने काहीतरी विचारलं. मी न वाचता हो म्हटलं. तो लाल दिवा मला बघवत नव्हता." मशीन विचारत होतं, भरलेला आवाज ठेवू का. पहिल्या दिवशी त्याने लावून पाहिली ती हीच फाईल. रिकामी नव्हती. आवाज शून्यावर होता, आणि तेव्हापासून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून अशी चालूच होती, मुक्याने.

"पण मग आवाज वाढत कसा गेला, आई? तू रोज काम संपल्यावर त्याला काय म्हणायचीस?"

"वाढव."

त्याने कपाळावर हात मारला. "आई! ते आवाज वाढवत होतं."

"आणि तू येऊन 'कमी कमी' करत बसलास," मी म्हटलं.

"एक दिवा असता नुसता," तो स्वतःशीच बोलला. "बोटाएवढा." आणि मग, "बाबा केवढे हसले असते मला." हसले असते, पण मी ते बोलले नाही. वडील असताना त्याला तेवढं बोलायला जमलं नव्हतं, आता जमलं, ते मोडायचं कशाला.

मला एवढंच दिसत होतं, की ते म्हणाले होते. नळ वाहत होता, मी पातेलं घासत होते, आणि ते दारात थांबून, मला उद्देशून, "येतो गं" म्हणाले होते. न सांगता गेले नव्हते.

"काय करू हिचं?" चिरंजीवाने विचारलं. "पुसू?"

"'येतो'पर्यंत ठेव. पुढचं काढून टाक. तुझं कामच आहे ते."

त्याने मान खाली घातली आणि काढायला बसला. इतक्या हलक्या हाताने बसला की त्याच्या कामाचं मला पहिल्यांदाच काही कळलं. "दाराचा आवाज ठेवू?"

"ठेव. पण 'येतो' आणि दार ह्यांच्या मधे थोडी जागा मोकळी सोड."

त्याने कशाला ते विचारलं नाही. जागा सोडली. मशीनला माझा शब्दही शिकवला, आता "वाढव" म्हटलं की ते खरोखर थांबेल. सुनेने पर्समधून नेलपॉलिश काढून पाटीच्या कडेला लाल ठिपका दिला. त्याने पाहिलं आणि पुसला नाही. बॅग रिकामीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ घट्ट बंद केला, हात पुसले, मशीनसमोर बसून ह्यांचं वाचन शेवटपर्यंत ऐकलं, ते "येतो गं" म्हणाले तेव्हा "या" म्हटलं, आणि दार लागल्यावर मशीन वाढवलं.